गावाचं कुलूप

सकाळी शाळेच्या फाटकाशी मोटरसायकल लावली की गुरुजी आधी कुलूप हातात घेऊन उलटसुलट करून बघायचे. मग मागे वळून मला विचारायचे, "मॅडम, आज आपलं हाय का गावाचं?" आपलं असलं की खिशातून किल्ली काढायचे. मी रोज हसायची आणि रोज मनात म्हणायची, देवा, आपलंच असू दे.

तुम्ही म्हणाल, शाळेला गावाचं कुलूप कशाला? आमच्याकडे, गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या पलीकडच्या जंगलपट्ट्यात, ती रीतच आहे. मास्तर मिळत नाही, ठोका कुलूप. मास्तर चालला, ठोका कुलूप. साहेब येऊन शब्द देत नाहीत तोवर ते निघत नाही. चार वर्ग, दोन शिक्षक, गुरुजी आणि मी. माझा नवरा गोंदियाला, मी इथे भाड्याच्या खोलीत. पण माझं राहू द्या.

पहिलीतली लेकरं घरी गोंडी बोलणारी. मराठी पुस्तक पुढे आलं की गप्प. गुरुजी त्यांच्याकडूनच गोंडी शिकले. ते चुकायचे, पोरं खदखदा हसायची, आणि हसता हसता बोलायला लागायची. "मी त्याईच्या भाषेत नापास झालो का ते आपल्या भाषेत पास होते," असं म्हणायचे. मोहफुलांच्या दिवसांत घरंच्या घरं पहाटे जंगलात जायची आणि वर्ग ओस पडायचे. मग गुरुजी झाडाखाली जाऊन बसत आणि टोपलीतल्या फुलांवरच बेरीज-वजाबाकी घेत. अशा माणसाला कुठलं गाव सोडेल?

पण त्यांची आई गोंदियाजवळ फुलचूरला अंथरुणावर होती. लकवा मारलेला. तिचं सगळं वहिनी, म्हणजे गुरुजींची बायको, एकट्या करायच्या. गुरुजी शनिवारी जात आणि सोमवारी पहाटे निघून परत येत. बदली हवी होती ती एवढ्यासाठीच. आई आहे तोवर तिच्याजवळ राहायचं होतं, बस.

पहिल्यांदा बदलीचा आदेश आला तेव्हा गावाने कुलूप ठोकलं. आयाबाया लेकरांना मांडीवर घेऊन फाटकात बसल्या. साहेबांनी आदेश थांबवला. मग गुलाल, डफ, आणि गुरुजींच्या खांद्यावर शाल. फोटोत ते हसताहेत. नंतर वर्गात येऊन बसले आणि केसांतला गुलाल झटकत म्हणाले, "मॅडम, शिव्या देल्या असत्या त निघून गेलो असतो. शाल घातल्यावर माणूस कसा जाते?" मला असा राग आला होता, पण कोणावर काढायचा तेच कळेना.

त्यानंतर दर शिक्षकदिनी शाल आणि नारळ ठरलेलं. नारळ तिथंच फोडून पोरांना वाटायचे, शाल फुलचूरला न्यायचे. फोनला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, त्यामुळे शेजारी उभी राहून वहिनींचं बोलणं मीही ऐकलंय. "अजून एक आणून राहिले का? इथं शाली ठेवाले जागा नाही, अन् माणसाचा पत्ता नाही." गुरुजी पाळीवर उभे राहून नुसतं "हव, हव" करायचे.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा आदेश आला. दुसऱ्या सकाळी गुरुजींनी कुलूप हातात घेतलं आणि मला काही विचारलंच नाही. गावाचं होतं. फाटकात सगळे बसलेले. शाळा समितीचे अध्यक्ष, वनमजुरी करणारा सरळ माणूस, हात जोडून म्हणाले, "गुरुजी, राग नका मानू. तुमी गेले त आमच्या पोट्ट्याईचं काय?" खरंच बोलत होते. गुरुजी फाटकाला पाठ टेकून खाली बसले.

उन्हं चढल्यावर एक पिकअप गाडी येऊन थांबली. पुढून वहिनी उतरल्या. मागे गादीवर म्हातारी, आणि तिच्या अंगावर शालीवर शाल. सगळ्या आमच्या गावानेच दिलेल्या. बायकांनी त्या ओळखल्या आणि पदर तोंडाशी नेले.

वहिनी ओरडल्या नाहीत. अध्यक्षांना म्हणाल्या, "भाऊ, गुरुजी तुमचे, त त्याईची मायही तुमचीच. कोणाच्या घरी उतरवू, सांगा. मले आता उचलणं होत नाही."

गुरुजी गाडीत चढून आईजवळ बसले. म्हातारीने चालता हात उचलून त्यांचं तोंड चाचपलं. "शाळा सुटली का रे बाबू?"

मला रडूच आलं. अध्यक्षांनी खिशात हात घातला. मग त्यांनी किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि गाडीजवळ जाऊन म्हणाले, "सुटली, माय. ने तुया लेकराले घरी."

गुरुजींच्या जागेवर अजून कोणी आलेलं नाही. चारही वर्ग मीच घेते. गोंडीत माझ्याही चुका होतात, आणि पोरं हसतात.

परवा शिक्षकदिनी गावाने मला शाल घातली. आयाबाया डोळे पुसत होत्या. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आता तुमीच हाव आमच्या." मी फोटोत हसले.

काल सकाळी फाटकाशी गेले आणि कुलूप हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. आपलंच होतं. सांगायला मागे वळले, तर मागे कोणी नव्हतं.