चेपलेला डबा

वसुधाकाकूंनी आयुष्यात हात उगारला तो एकदाच, आणि तोही पोलिसावर. त्याआधीची त्यांची मारामारी म्हणजे सांगलीच्या शाळेत पोरांना फेकून मारलेले खडू. पुढे लग्न, मिशिगन, आणि मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत तीस वर्षं नोकरी. निवृत्तीनंतर नोव्हाय उपनगरातल्या घरात त्यांना स्वस्थ बसवेना, म्हणून गेली तीन वर्षं त्या डेट्रॉइटच्या एका विद्यापीठात उन्हाळी वर्गाला गणित शिकवायला जात. कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलामुलींची सहा आठवडे तयारी करून घ्यायची, सप्टेंबरात कुणी गांगरून जाऊ नये, असा तो वर्ग. सगळे त्यांना ‘काकू’ म्हणत. पहिल्याच दिवशी तशी तंबी मिळे.

वर्गाच्या प्रमुख ग्लोरियाबाई, स्वतः कृष्णवर्णीय, बीजगणिताआधी एक धडा देत: दाराबाहेर पाऊल टाकलं की ओळखपत्र गळ्यात आणि हात खिशाबाहेर. काकूंना ते मुळीच पटत नसे. पोरं आहेत की बिल्ला मारलेली गुरं?

त्या शुक्रवारी नकियाचं ओळखपत्र बाकावर सारखं टकटक वाजत होतं. नकिया वर्गातली सगळ्यात तल्लख मुलगी, गणित सोडवताना स्वतःशी पुटपुटणारी. काकूंनी ते तिच्या गळ्यातून काढलं आणि फळ्याच्या खिळ्याला अडकवलं. “इथे तुला कोण ओळखत नाही?” म्हणाल्या. शुक्रवारी काकू सगळ्यांसाठी थालिपीठं आणत, पण डबा गाडीतच राहिला होता. काकूंच्या घरचा नियम असा की दाराजवळ बसेल त्याने उठायचं. दाराजवळ नकिया होती. काकूंनी गाडीची किल्ली तिच्याकडे फेकली.

पाच मिनिटांत खिडकीखाली आरडाओरडा सुरू झाला. कुणीतरी फोन केला होता: एक मुलगी गाडी फोडतेय. हातात किल्ली, डबा, आणि गळ्यात काही नाही. विद्यापीठाच्या दोन पोलिसांनी नकियाला काकूंच्या गाडीच्या बॉनेटवर आपटलं. “माझ्या टीचरची गाडी आहे!” ती किंचाळत होती. एकाने पायात पाय घालून तिला खाली पाडलं, तोंड डांबरावर घासलं, पाठीत गुडघा रोवला आणि हात मागे पिरगाळला. काकू धापा टाकत दोन जिने उतरून पोचल्या तेव्हा मनगट काडकन मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

“सोड तिला! मुडद्या, सोड!” त्या मराठीतच ओरडल्या. स्टीलचा डबा पायाशी पडला होता. काकूंनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्या पोलिसाच्या डोक्यात घातला. मग पुन्हा घातला. थालिपीठं रक्ताशेजारी पसरली.

आणि काकूंचं काय झालं? दुसऱ्या पोलिसाने त्यांचा दंड हळूच धरला, सावलीत बसवलं आणि थंड पाण्याची बाटली दिली. समोर पहिला पोलिस नकियाच्या मोडक्या मनगटात बेड्या अडकवत होता. असा संताप काकूंना कधी आला नव्हता.

पोलिसांच्या अहवालात मात्र लिहिलं होतं की नकियाने पोलिसाच्या डोक्यावर वार केला. ते खरं ठरलं की तिचा प्रवेश रद्द.

“वसुधा, यार, हे क्रिमिनल मॅटर आहे,” नवरा राजीव म्हणाला. “लॉयरला कन्सल्ट केल्याशिवाय एक शब्द बोलू नकोस.”

“तू बस मूग गिळून. मला नाही जमणार!”

विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे काकूंनी चेपलेला डबा टेबलावर ठेवला. “मी मारलं.”

“मॅम, तुम्हाला धक्का बसलाय,” अध्यक्ष समजुतीने हसले.

काकूंनी डबा उचलून टेबलावर असा आदळला की पाण्याचे पेले आडवे झाले. “असं. दोनदा. आणि तिचं कार्डही मीच काढून घेतलं होतं.”

नकियावरचा आरोप मागे घेतला गेला. काकूंवर कुणी ठेवलाच नाही. या वयात माणूस घाबरतो, समजण्यासारखं आहे, म्हणाले.

बाहेर नकिया उभी होती, हाताला प्लास्टर, ओठ अजून सुजलेला.

“माझं चुकलं, बाळा,” काकू रडत म्हणाल्या.

“काकू, तुम्ही पार्किंगमध्ये कधी कार्ड घालून गेलात?”

तीन वर्षांत एकदाही नाही. आपलं कार्ड कुठल्या खणात पडलंय हेसुद्धा काकूंना आठवेना. “नाही,” त्या म्हणाल्या.

नकियाने मान डोलावली आणि डाव्या हाताने गळ्यातलं कार्ड सरळ केलं. सोमवारी ती वर्गात आली, सगळ्यांच्या आधी. दारापासून सगळ्यात लांबच्या बाकावर जाऊन बसली.