उपासाला चहा चालतो

सासूबाई उपासाच्या फार कडक. भगरसुद्धा चालायची नाही. चहा मात्र चालायचा, हवा तेवढा. माझ्या बाळंतपणासाठी त्या साताऱ्याहून चंदीगडला आल्या, तेव्हा मला सातवा लागला होता.

नवरा सरकारी ऑडिटला. ऑफिस सेक्टर सतरात, पण अधूनमधून पंजाबातल्या गावांत दौरा असे. अतिरेकी बस थांबवून माणसं मारायचे, ते दिवस. तो बॅग भरायला लागला की मी परत कधी येणार ते तीनतीनदा विचारायची. सासूबाई देव पाण्यात ठेवायच्या आणि सांगायच्या, "तो घरी येईपर्यंत आपण दोघींनी काही खायचं नाही." मग दिवसभर चहा. रक्तवाढीची गोळीही चहाबरोबरच, कारण नुसत्या पाण्यानं मळमळायचं.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझी पापणी ओढून पाहिली. "गोली लेती हो?"

"हां जी, रोज चाय के साथ."

त्या चिडल्याच. चहाबरोबर घेतली तर गोळी अंगी लागत नाही, वर जेवण बंद, मग बाळाला मिळणार काय, म्हणाल्या. घरी येऊन मी हे सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्या चहावर बाळंत झाल्या." सात पिढ्यांपूर्वी चहा होता कुठे? पण बोलणार कोण! तरी मी गोळी पाण्याबरोबर घ्यायला लागले, दोन्ही वेळा जेवायला लागले. बाळ चांगलं ढुशा द्यायचं.

पुढच्या दौऱ्याहून तो ठरल्या दिवशी आला नाही. कर्फ्यू लागला, फोन बंद. कुठल्याशा रस्त्यावर बस अडवल्याचं रेडिओवर सांगितलं, कुठली ते नाही. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. मी पोळीचा तुकडा मोडला. त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. तो घास मी ताटात परत ठेवला. मी खाल्लं आणि तिकडे त्याचं काही झालं तर? ताट सारलं आणि पुन्हा चहा टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी मी म्हटलं, "आई, बाळ आज फारसं हलत नाहीये."

"निजलं असेल गं."

बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दवाखान्यात नेणार कोण आणि कशातून?

तिसऱ्या दिवशी कर्फ्यू उठला आणि दुपारी तो आला. दाढी वाढलेली, पण धडधाकट. एका शाळेत अडकून पडला होता. सासूबाईंनी देव बाहेर काढले, त्याच्या हातावर साखर ठेवली. "उपास फळाला आला," म्हणाल्या. मी पोटावर हात ठेवून उभी होते. आत काहीच नव्हतं हलत.

मुलगी होती. चहानंच असं झालं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. अंगात रक्तच नव्हतं, एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "देवानं नवरा तर परत दिला ना. तुझा उपास वाया नाही गेला."

"उपास माझा होता ना, आई?" मी म्हटलं. "मग तिला का उपाशी ठेवलं?"