न आलेल्या पत्रांचं सायटेशन

"गाव आता गोंदिया जिल्ह्यात आहे. पत्र परत." हा शेरा त्या सकाळी मी तिसऱ्यांदा लिहीत होतो आणि तिसऱ्यांदा चिडत होतो.

फौजेतून नायब सुभेदार क्लर्क म्हणून निवृत्त झाल्यावर मी भंडाऱ्याला सैनिकांच्या कल्याणाच्या सरकारी ऑफिसात लागलो. हुद्दा कल्याण संघटक. नाव भारदस्त आहे, काम साधं. जवान तिकडे सीमेवर, घरचे इकडे गावात. त्यांच्यामधले कागद मी सांभाळायचो. कुणाच्या आईचा पत्ता तपासायचा, कुणाच्या बायकोची सही आणायची आणि युनिटला कळवायचं.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला काही वर्षं झाली होती. तहसीलदाराला ते कळलं होतं, एस.टी.ला कळलं होतं. फौजेच्या कागदांना कळलं नव्हतं. जवान भरती झाला तेव्हा त्याचं गाव भंडारा जिल्ह्यात होतं, म्हणून कागदावर अजून भंडाराच. अर्जुनी मोरगावकडच्या माणसाचं पत्र माझ्याकडे यायचं. मी ते युनिटला परत पाठवायचो. महिना-दोन महिने फिरून ते गोंदियाला पोचायचं.

उपाय सोपा होता. जवानाचं काहीही बदललं, लग्न झालं, मूल झालं, पत्ता बदलला, की युनिटचा क्लर्क एक ऑर्डर काढतो. तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. ती निघाली की बदल झाला. नाही निघाली तर फौजेच्या लेखी तुमचं लग्नसुद्धा झालेलं नसतं! पण जवान स्वतः सांगत नाही, कारण त्याचं गाव जिथल्या तिथेच असतं. आणि क्लर्क विचारत नाही, कारण त्याला भंडारा कुठे आणि गोंदिया कुठे.

त्याच दिवशी दिघोरीचा नायक प्रमोद रामटेके रजेवर आलेला, तो ऑफिसात आला. आईला मिलिटरी हॉस्पिटलचं कार्ड काढायचं होतं. मी सवयीने लाल पेन उघडून त्याचे कागद तपासायला बसलो. गाव दिघोरी, तालुका लाखांदूर, आईचं नाव, वय, सह्या, सगळं जागच्या जागी. लाल पेनाला काही कामच मिळालं नाही. मला जरा रागच आला म्हणा ना.

"कोणी भरून देल्ला रे हा फॉर्म?" मी विचारलं.

"आमचे बिष्ट सायेब, जी. हवालदार क्लर्क. त्यायच्या हातून कागद वापस येतच नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी हललं. प्रमोदच्या युनिटचं नाव मी ओळखत होतो, पण त्या युनिटचा लिफाफा मी परत केल्याचं आठवेना.

"तुमच्या युनिटमंदी गोंदियाकडचे कोणी नाहीत का?"

"नाहीत कसे जी? अर्जुनीचे हायेत, देवरीचे हायेत. भंडाऱ्याच्यापेक्षा तेच जास्त."

"मंग त्यायचे पत्र माह्याकडं काहून येत नाहीत?"

प्रमोद हसला. "बिष्ट सायेब जिल्हा इचारतच नाहीत ना जी. रजेचा फॉर्म द्याच्या आधी इचारते, गाडीतून उतरून कोणत्या बसनं घरी जातेस? तहसीलचा कागद काढाले कोठी जातेस? दवाखाना कोठी? मले वाटे, हा मानूस आपल्या घरी पाव्हना येऊन राहिला का काय! अर्जुनीवाल्यानं सांगतलं, कलेक्टरच्या कामाले गोंदियाले जातो. झालं. दुसऱ्या दिवशी त्याची ऑर्डर निंगाली."

मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं मी फौजेत क्लर्क होतो. मी जिल्हा विचारायचो, जवान सांगायचा, मी लिहायचो. हा मनुष्य बस विचारत होता.

"मंग तुमच्या बिष्ट सायेबाले कमेंडेशन भेटलं असंल."

कमेंडेशन कार्ड म्हणजे मोठ्या कमांडरच्या सहीची शाबासकी. एक कार्ड आणि खिशावर लावायचा छोटा बिल्ला. माझ्या टेबलामागे भिंतीवर माझं होतं, फ्रेम करून. ते मला कशाबद्दल मिळालं तेही सांगून टाकतो. जनरल साहेबांच्या तपासणीच्या आधी मी सगळ्या फायलींना एका रंगाची कव्हरं घातली होती आणि ऑफिसच्या दारात कुंड्या मांडल्या होत्या. फायलींच्या आत काय होतं ते कुणी पाहिलं नाही.

प्रमोदने त्या फ्रेमकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "नाव गेलतं जी. वापस आलं. पुढच्या महिन्यात पेन्शनले चालले ते."

नाव परत का आलं, हे मला न सांगताच कळलं. कार्डासाठी नाव पाठवताना एक मजकूर लिहावा लागतो, त्याला सायटेशन म्हणतात. या माणसाने काय केलं, शाबासकी का द्यायची, ते त्यात असतं. सही साहेबांची असते, पण लिहितो नेहमी क्लर्क. स्वयंपाक्याचं, ड्रायव्हरचं, शूर जवानाचं, सगळ्यांचं क्लर्कच लिहितो. मग क्लर्कचंच नाव जायचं असेल तेव्हा कुणी लिहायचं? चलाख क्लर्क स्वतःचं स्वतः लिहितात. मी लिहिलं होतं. कुंड्यांवरच एक अख्खा परिच्छेद होता.

प्रमोदने दिलेल्या नंबरवर मी फोन लावला. युनिटच्या ऑफिसचा कारभार बघणारे कॅप्टन साहेब भेटले. तरुण आवाज, वैतागलेला.

"मैंने खुद लिखा था," ते म्हणाले. "बिष्ट अपना लिखने को तैयार नहीं. मैंने लिखा, बहुत मेहनती है, कोई गलती नहीं करता. ऊपर से जवाब आया, ठोस उदाहरण दो. अब गलती नहीं हुई, इसका उदाहरण कहाँ से लाऊँ?"

"कब तक भेजना है, सर?"

"शुक्रवार."

त्या दिवशी सोमवार होता. मी म्हणालो, "उदाहरण मैं भेजता हूँ." फोन ठेवल्यावर कळलं की आपण भलतंच कबूल करून बसलोय.

आमचे अधिकारी निवृत्त मेजर, साताऱ्याकडचे. कामाला चोख, शब्दाला कडक. त्यांच्यापुढे मी पत्राचा मसुदा ठेवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला.

"कापगते, हे काय आहे? या युनिटकडून आपल्याकडे चुकीचं पत्र आलं नाही म्हणून शाबासकी? उद्या मला चोरी न करणाऱ्यांची यादी द्याल."

"साहेब, बाकी सगळ्यांकडून येतात. फक्त इथूनच येत नाहीत. कुणीतरी काहीतरी केल्याशिवाय असं होत नाही."

"पुरावा?"

"आवक रजिस्टर."

"आणा. सगळी आणा. तुमच्या आठवणीवर मी सही करणार नाही."

जिल्हा फुटल्यापासूनची रजिस्टरं मी त्यांच्या टेबलावर रचली. मला वाटलं, चार पानं चाळतील. पण साहेबांनी डबा बाजूला सारला आणि पट्टी घेऊन ओळ न् ओळ तपासायला लागले. मी युनिटचं नाव वाचायचो, ते शेरा बघायचे. हळूहळू त्यांनाही गोडी लागली. "अरे, यांची तर नऊ पत्रं चुकली! हे कोण शहाणे?" असं चाललं होतं. बिष्टच्या युनिटचं नाव यायचं आणि पुढचा शेरा स्वच्छ. दुपार टळली. मी मनातल्या मनात पत्र टाईपसुद्धा करून टाकलं होतं.

आणि साहेबांची पट्टी थांबली.

"हे बघा. एक सापडलं."

बिष्टचंच युनिट. अर्जुनीकडचा एक जवान, पत्र भंडाऱ्याला आलेलं. शेरा माझ्याच अक्षरात: गाव आता गोंदिया जिल्ह्यात आहे, पत्र परत. मला खरंच वाईट वाटलं. साहेबांनी चष्मा काढून ठेवला.

"एक का होईना, चूक आहे. 'एकही नाही' असं मी लिहून देऊ शकत नाही."

"साहेब, तारीख बघा. याच्यानंतर एकही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ते मलापण माहीत नाही. विचारू द्या."

साहेबांच्या समोरूनच स्पीकरवर फोन लावला. या वेळी बिष्टच फोनवर आले. आवाज मऊ, डोंगराकडचा. मी तारीख सांगितली आणि विचारलं, तेव्हा तुम्ही या युनिटमध्ये होता का?

त्यांनी ती तारीख एकदा परत म्हणून पाहिली.

"साहब, वो मेरा पहला हफ्ता था यहाँ. आपकी चिट्ठी मेरी मेज पर आई थी. उसमें लिखा था, गाँव अब दूसरे ज़िले में है."

"फिर?"

"फिर क्या, साहब. मेरा अपना ज़िला भी ऐसे ही बँटा था. मैं ज़ख़्मी होकर अस्पताल में था, और ख़बर पुराने ज़िले में घूमती रही. माँ को महीना भर पता नहीं चला कि मैं ज़िंदा हूँ. तो मैंने सोचा, एक का गाँव बदला है तो औरों का भी बदला होगा. सबसे पूछ लिया."

तोच शेरा मी शेकडो वेळा लिहिला होता, प्रत्येक वेळी चिडून. इतर युनिटांच्या क्लर्कांनी तेवढा एक पत्ता दुरुस्त केला आणि माझा कागद फाईलला लावला. या माणसाने तो वाचला आणि उठून बाकीच्यांना विचारत गेला. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. आपलं एक तरी वाक्य कुणाच्या उपयोगी पडलं होतं.

फोन ठेवणार तेवढ्यात बिष्ट म्हणाले, "साहब, एक बात पूछूँ? आपका अपना गाँव किधर है?"

"अर्जुनी मोरगाव के पास."

"तो आपका बदलवा लिया न?"

मी "हाँ, हाँ" म्हणून फोन ठेवला.

साहेबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझा मसुदा पुढे ओढला, 'एकही पत्र चुकले नाही' ही ओळ खोडली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'एक पत्र चुकले. ते परत केल्यावर हवालदार बिष्ट यांनी युनिटमधल्या प्रत्येक जवानाला विचारले. त्यानंतर एकही चुकले नाही.' खाली सही केली. सोबत रजिस्टरांचा गोषवारा जोडला. एवढं करून म्हणाले, "आता झालं उदाहरण."

संध्याकाळी घरी गेल्यावर मी ट्रंकेतून माझं डिस्चार्ज बुक काढलं. फौज सोडताना मिळतं ते, माणसाची सगळी कुंडली त्यात असते. घरचा पत्ता: तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा भंडारा. उद्या मला काही झालं तर बायकोच्या नावाचं पत्र माझ्याच ऑफिसात येणार, आणि माझ्या जागी बसलेला माणूस ते चिडून परत करणार.

बायको मागे उभी राहून बघत होती. "लोकाइचे कागद सुधरवून राहिले ना जी तुमी?" ती म्हणाली. "अन् आपला कायले ठेवला असा?"

कार्ड मंजूर झालं. निवृत्तीच्या चार दिवस आधी सगळ्या जवानांसमोर कमांडिंग ऑफिसरांनी बिष्टच्या खिशावर बिल्ला लावला. प्रमोदने फोन करून सांगितलं की सायटेशन वाचून दाखवलं तेव्हा अर्जुनीवाले जोरात टाळ्या वाजवत होते. बिष्ट साहेब मात्र खाली मान घालून उभे होते. नंतर ते प्रमोदला एवढंच म्हणाले, इतकी वर्षं दुसऱ्यांची लिहिली, आपलं ऐकायला कसं असतं ते माहीत नव्हतं.

माझं कार्ड अजून भिंतीवरच आहे. काढलं नाही, तेवढा मोठेपणा माझ्यात नाही. पण कुणी विचारलं की कुंड्यांची गोष्ट सांगतो. ज्या कामात काही बिघडत नाही ते कुणाला दिसत नाही, आणि दिसावं म्हणून कुणाला तरी एक दुपार रजिस्टरं उपसावी लागतात, एवढं मी यातून शिकलो.

आणि हो, बायकोने विचारलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी माझ्या पत्त्याच्या दुरुस्तीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि पेन उघडलं.

"शेरा काय लिहू, कापगते?"

"तोच, साहेब," मी म्हणालो. "गाव आता गोंदिया जिल्ह्यात आहे."