नादारीच्या यादीतली क्लॅरनेट

"क्लॅरनेट लिहू नका, मॅडम," रुकय्याभाभी म्हणाल्या.

"लिहा," युसूफभाई म्हणाले.

शहागंजातल्या त्यांच्या बँडच्या दुकानात मी मालमत्तेची यादी करत बसले होते. दुपार होती. भिंतीवर टांगलेल्या पितळी वाद्यांत बाहेरचा रस्ता वाकडातिकडा होऊन तरंगत होता. रिक्षा, माणसं, केळ्यांची गाडी, सगळं पिवळंधमक. बघता बघता मी लिहायचंच विसरले.

मी वकील, युसूफभाई बँडमास्तर, रुकय्याभाभी त्यांची बायको. लग्नवाले डीजे मागायला लागले म्हणून त्यांनी कर्जावर डीजेची गाडी घेतली. ऑर्डरी मिळेनात. हप्ते थकले. फायनान्स कंपनीनं गाडी नेऊन विकली, तरी कर्ज उरलंच. शिवाय दोन सावकार.

देणं फिटण्यासारखं नसलं की माणूस जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो, मला नादार ठरवा म्हणून. कोणाचं किती देणं आणि जवळ काय काय आहे, हे सगळं अर्जात द्यावं लागतं. कोर्ट घेणेकऱ्यांना नोटीस काढतं, त्यांचं ऐकतं. नादार ठरला की त्याची मालमत्ता रिसीव्हरकडे, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या माणसाकडे जाते. तो ती विकून ज्याला त्याला प्रमाणात पैसे देतो. घरातली भांडीकुंडी आणि कारागिराची हत्यारं तेवढी सुटतात. पण लपवाछपवी केली तर गुन्हा.

"मग क्लॅरनेट हत्यारच की," भाभी म्हणाल्या.

"ते कोर्ट ठरवेल. लिहावी लागेलच."

युसूफभाई मांडीवरच्या क्लॅरनेटकडे बघत होते. "चाळीस बरसं हिच्यात फुंकलं. हिच्यासमोर झूठ कसं बोलू?"

लिहिली.

सुनावणीत कंपनीचे वकील उठले. "वाजवणारा कलाकार झाला, कारागीर नव्हे. हत्यार सुताराचं असतं. ही विका."

न्यायाधीशांनी युसूफभाईंना विचारलं, "ही बिघडली तर?"

"मीच बनवतो, साहेब. शहरातल्या लई बँडवाल्यांच्या मीच बनवतो."

"दाखवा."

त्यांनी क्लॅरनेटचे पाच तुकडे टेबलावर मांडले. एक चावी काढली, स्प्रिंग वाकवली, पुन्हा बसवली. मग सवयीनं एक सूर तपासला. अगदी हळू. टायपिस्टची बोटं थांबली. वरचा पंखा लांब कुठंतरी फिरत असल्यासारखा वाटला. माझ्या हातातला कागद कशाचा होता, ते मला क्षणभर आठवेना.

युसूफभाई नादार ठरले. कारागिराची हत्यारं म्हणून क्लॅरनेट आणि दुरुस्तीची पेटी सुटली. बाकी सगळं गेलं. ढोल, ट्रम्पेट कन्नड गावच्या एका बँडनं घेतले. देताना प्रत्येक वाद्य त्यांनी फडक्यानं पुसून दिलं. भाभी त्या दिवशी दुकानात आल्या नाहीत.

त्यानंतर नादारीतून सुटायला मुक्ततेचा अर्ज करायचा असतो. तोवर आपण नादार आहोत हे सांगितल्याशिवाय पन्नास रुपयांचीही उधारी घेता येत नाही. युसूफभाई हॉटेलात चहा मागायच्या आधीच सांगायचे, "मियां, मी नादार हाय." चहावाला वैतागायचा. "व्हय, कालच सांगितलं!"

पुढं मुक्तता मिळाली. काही काळ कमाईतला हिस्सा घेणेकऱ्यांना द्यायचा, या अटीवर. दुरुस्तीवर घर चालतं त्यांचं. चैन नाही, पण दारात कोणी येऊन उभं राहत नाही.

नवे पक्षकार हळूच विचारतात, एखादी वस्तू यादीबाहेर ठेवली तर?

मी सांगते, जी वाचवायची असेल, ती सगळ्यात आधी लिहा.