तोरणाआडची लक्ष्मी

“हिचा हात कुठे गेला?”

पंतांच्या मातोश्री भिंतीपुढे उभ्या होत्या आणि मी शिडीवर. भिंतीवर गेरूने गजलक्ष्मी रेखाटून झाली होती, रंग भरायचा बाकी होता.

“काकू, देवळातच नाही तो. मनगटापासून तुटलाय. या हत्तीची सोंडही अर्धीच आहे.”

“देवळात नसेल. माझ्या घरात भंगलेली देवी चालायची नाही. तिला हात आल्याशिवाय शिडीवरून उतरू नकोस.”

आता झालं होतं असं, की घर नारायण पेठेतलं, नवंकोरं. पंत सरकारी फडात कारकून. वाघोलीकडे त्यांच्या देवीचं जुनं दगडी देऊळ आहे, त्याच्या दारावरचं कोरीवकाम त्यांना दिवाणखान्याच्या भिंतीवर रंगवून हवं होतं. जसंच्या तसं. कारण त्यांचे साडू. साडूंनी आपल्या भिंतीवर मोर काढून घेतले होते, आणि पंत भर पंगतीत बोलून बसले होते, “आमची नक्कल अस्सलाशी ताडून घ्या. केसाचा फरक निघाला तर भिंत पाडीन!”

भिंत त्यांची, पण आपटले असते मी. आमचे हे चितारी, एका सरदारांच्या छावणीबरोबर उत्तरेत गेलेले. त्यांचे रंग वाटता वाटता, बघून बघून मी हात बसवला होता, आणि माझ्या नावावरचं हे पहिलंच काम. कसब्यातले बाकीचे चितारी म्हणायचे, “वहिनी रंग फार छान वाटतात हो.” ते कौतुक नव्हतं. हे काम फसतं, तर जन्मभर रंगच वाटत बसले असते.

नकलेत मी कसर ठेवली नव्हती. देवळात शिडी लावून कागदावर नक्षी उतरवली होती. मग रेघांवर सुईने भोकं पाडायची, कागद घरच्या भिंतीला लावायचा आणि त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. ठिपके उमटतात, ते जोडायचे. या कागदाला आम्ही खाका म्हणतो. खाका खोटं बोलत नाही, आणि तीच तर पंचाईत! मुलगा म्हणतो जसंच्या तसं, आई म्हणते धडधाकट.

दुपारभर पान चघळत शिडीवर बसले. मग लक्ष्मीवरून आडवं एक तोरण काढलं, आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं. एक झोल जरा खाली सोडला, हाताच्या जागी फुलं आली. दुसरा सोंडेवर सोडला.

“तोरणामागे हात आहे ना गं?” मातोश्रींनी विचारलं.

“फुलं बाजूला करून बघा की, काकू.”

त्यांनी फुलांकडे निरखून बघितलं. मग हसल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी पंत आले. “हे तोरण कुठून आलं? मी गेलो तेव्हा नव्हतं.”

“आपण सणाला गेला नसाल.”

एवढ्या लांब सणाला कोण जातंय! पंत पगडी काढत आत गेले. मी रंग भरून टाकला.

वास्तुशांतीला साडू आले. भिंतीला नाक लावून लक्ष्मी बघितली, हत्ती बघितले.

“उत्तम. फक्त तोरणाचं नवल वाटतं. तिथला गुरव दिवा लावायला विसरतो, तोरण कोण बांधतं? उद्या जेवण उरकून जाऊनच येतो म्हणतो. ताडून घ्या असं आपणच म्हणाला होतात ना?”

त्यांची पाठ वळली, तसे पंत माझ्याकडे आले. “बाई, तेवढं तोरण पुसा.”

“पुसता येत नाही, पंत. ओल्या चुन्यात रंग मुरला की तो भिंतीचाच होतो.”

“मग आता?”

मातोश्रींची जपमाळ थांबली नाही. “चित्र हलत नसेल तर देऊळ हलव. तोरण नेऊन बांध तिथे.”

उजाडता उजाडता पंतांचा छकडा निघाला. आत फुलांच्या पाट्या, मी आणि माझा खाका, त्यावर रात्रीच भिंतीवरचं तोरण उतरवून घेतलेलं. गुरव डोळे चोळत बाहेर आला.

“आज कोंचा सण हाय?”

“साडूंचा.”

“त्यो कवा असतो?”

“दुपारी, जेवणानंतर.”

त्याने शिडी धरली. खाक्यावर ताडून एकेक झोल बसवला. नकलेवरून अस्सल करायचं काम तेवढं एकदाच केलं मी. मग डोक्यावरून पदर घेऊन ओट्यावर वाती वळत बसले.

साडू आले. मान वर करून बराच वेळ उभे राहिले. शेवटी काय वाटलं कोण जाणे, फुलं बाजूला सारायला त्यांनी हातातली काठी वर केली. माझी वात तिथेच तुटली.

“अवो, द्येवीला काठी लावताय?” गुरव ओरडला.

काठी खाली आली. साडू ओशाळले. “तोरण रोज बांधता का हो?”

“मानसं बघाया येत्यात,” गुरव म्हणाला, “म्हून बांधावं लागतं.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात साडूंचं बोलावणं आलं. त्यांनाही तीच लक्ष्मी हवी होती, जशीच्या तशी. “फक्त तोरणाला पंतांच्यापेक्षा एक झोल जास्त असू द्या.”

दिला. आणि गुरवाला निरोप धाडला, की तिथेही एक झोल वाढव.

आता त्या दारावर इतकी फुलं असतात, की खालून लक्ष्मीचा चेहरा शोधावा लागतो. आपापली नक्कल खरी राहावी म्हणून पंतांचा माणूस एक दिवस फुलं घेऊन जातो, साडूंचा दुसऱ्या दिवशी. बघायला मंडळी येतात, म्हणून गुरव दिवाही विसरत नाही. परवा कसब्यातल्या एका चिताऱ्याने त्याच दाराची नक्कल केली, तोरणासकट. रंग वाटायला मला विचारलं नाही त्याने.

एवढ्या वर्षांत मी शिकले ते इतकंच. गिऱ्हाईक ‘जसंच्या तसं’ म्हणालं, की शिडी लावण्याआधी त्याच्या आईला विचारून यावं.