दोन डागांची पट्टी

“मंग सांग ना, कोकिळाले काहून नाई आणायचं? माह्या भावाची पोरगी हाये, परकी नाई,” असं म्हणत तुळसाबाई सुनेच्या हातातली कागदाची पट्टी ओढत होत्या. पंचफुला पट्टी सोडत नव्हती. तिचा नवरा गोविंदा उंबऱ्यावर बसून दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

दुपारपासून हेच चाललं होतं. पहिलीचं लेकरू जगलं नाही, म्हणून तुळसाबाईंना गोविंदासाठी दुसरी बायको करायची होती. आणि ती मामाची मुलगी.

पंचफुला कळंबची, चौथी शिकलेली. छप्पन साली वडिलांसोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, पुढच्या वर्षी लग्न होऊन यवतमाळला आली. दवाखान्यात, रक्त तपासायच्या खोलीत काचा धुवायचं काम तिला मिळालं. मुलगा झाला. वर्षाचा होण्याआधीपासूनच त्याचे हातपाय सुजायचे, डोळे पिवळे पडायचे, रडून रडून आवाज बसायचा. एकसष्टच्या उन्हाळ्यात तो गेला. माती देऊन माणसं परतली तेव्हा घरात जमलेल्या बायांसमोर तुळसाबाई म्हणाल्या, “हिचं रक्तच सडकं हाये.”

पुढे दोन वर्षं सासूला वाढताना, पाय चेपताना ते वाक्य पंचफुला मनात घोळवत राहिली.

मुलगा जाण्याआधी महिनाभर नागपूरहून रक्त तपासणारी माणसं आली होती. त्यांच्यातला उत्तमसिंग डॉक्टर नव्हता, पदार्थविज्ञान शिकलेला होता. तो पेशी फोडून त्यातलं लाल पाणी ओल्या कागदाच्या पट्टीवर ठेवायचा आणि पट्टीतून वीज सोडायचा. चांगल्या रक्ताचा डाग पुढे सरकायचा, दुखण्याचा मागे रेंगाळायचा. पंचफुलाच्या पट्टीवर पुढे एक, मागे एक असे दोन डाग पडले. मुलाच्या पट्टीवर एकच, मागचा. उत्तमसिंगने तिला समजावलं की दोन डागांचं माणूस स्वतः धडधाकट असतं, पण दुखणं लेकराला देऊ शकतं; मात्र एकट्या आईमुळे लेकरू असं आजारी पडत नाही, बापाकडूनही तेच यावं लागतं. गोविंदाला बोलावलं तर आईने त्याला जाऊ दिलं नाही.

यंदा ती माणसं पुन्हा आली. या खेपेला पंचफुलाने कुणाला चल म्हटलं नाही. भाकरी थापता थापता एवढंच बोलली की ज्यांचं रक्त चांगलं निघतं त्यांना साहेब सही-शिक्क्याचा कागद देतात. तुळसाबाईंना तेवढं पुरलं. मंगळवारी त्यांनी बोरी अरबहून भाऊ उकंडा आणि कोकिळा यांना बोलावून घेतलं, नवं लुगडं नेसल्या आणि सगळ्यांच्या आधी आपलं बोट पुढे केलं. पंचफुलाने कापसाने ते बोट पुसलं, अगदी हळुवार.

पट्ट्या काल हाती आल्या. तुळसाबाई, उकंडा, कोकिळा, तिघांच्याही पट्टीवर दोन-दोन डाग.

“हे तुह्यं काम हाये,” तुळसाबाई म्हणाल्या. “तूच काही टाकलं असन त्याच्यात.”

“म्या फक्त काचा धुतल्या, आत्याबाई. रक्त तुमचंच होतं.”

गोविंदा खालच्या आवाजात म्हणाला, “माह्या रक्तातबी तेच हाये, हे मले आधी काहून नाई सांगतलं?”

“बोट मागतलं होतं तुमचं. तुमी मायच्या पदराखाली लपवलं.”

तुळसाबाईंचा हात पट्टीवरून सुटला. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. पंचफुलाने त्यांना पाणी दिलं नाही. तिन्ही पट्ट्या चुलीच्या वरच्या फळीवर ओळीने मांडल्या आणि भाजी निवडायला घेतली.

“सकाळी मामायले मोटारीवर सोडाले गेलती तवा सारं सांगतलं,” ती मान वर न करता म्हणाली. “ते पोरगी देत नाई म्हणून गेले. दुसरी या घरात येनार नाई, अन् मी या घरातून जानार नाई. आजपासून माह्यं अंथरूण सैपाकघरात. तुमाले नातू होनार नाई, आत्याबाई.”