अकराच्या आत ताईला दिसायचं होतं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दादाचा हात कधी थरथरला नव्हता. मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात असला की हा पठ्ठ्या आलेली शिंकसुद्धा परत पाठवायचा! पण त्या सकाळी त्याला स्वतःच्या दुकानाचं कुलूप उघडता येईना.

झालं होतं असं. दादा मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाला चावी द्यायला गेला आणि इकडे त्याच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, पोटात कळा सुरू झाल्या. शेजारच्या चष्मेवाल्यानं तिला गाडीत घातलं, दोन तासांवरच्या इस्पितळात नेलं आणि तिथून फोन केला.

"दादा, अपेंडिक्स आहे. अकराला ऑपरेशन. पण ताई कुणाला हात लावू देत नाहीत. भिंतीला चिकटून बसल्यात."

ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. तिची भाषा म्हणजे लहानपणी दोघा भावंडांनी केलेल्या खुणा. जगात त्या दोघांनाच कळायच्या. आता काय कापणार, का कापणार, हे तिला सांगणार कोण?

दादाचा फोन बटणांचा, त्यात चेहरा कुठला दिसायला! बाजाराला सुट्टी, सगळी दुकानं बंद. उरला दुकानातला, चष्मेवाल्यानंच कॅमेऱ्यासकट दिलेला जुना कॉम्प्युटर.

"अरे, पण त्याला इंटरनेट कुठंय?"

"माझ्या दुकानाचं वायफाय चालू आहे भिंतीपलीकडं. तुमच्या खणात यूएसबीचा बोटाएवढा अडॅप्टर आहे, तो लावा. तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स, आणि अडॅप्टरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, निघालाय फक्त विंडोजचा. म्हणून मी मध्ये दुभाष्या बसवलाय, एनडिसरॅपर नावाचा. विंडोजचं बोलणं तो लिनक्सला समजावतो. ड्रायव्हरच्या फाईलीही उतरवून ठेवल्यात. मी सांगतो ते फक्त टाइप करा."

दहा वाजून वीस. दादानं एकेक अक्षर शोधून दाबलं. पडद्यावर उत्तर उमटलं : ड्रायव्हर चालणार नाही.

"पुन्हा करा."

पुन्हा तेच. भिंतीवरची बावीस घड्याळं एका सुरात टिकटिकत होती. एरवी दादाला त्या आवाजानं झोप लागायची. आज प्रत्येक टिक कानशिलावर बसत होती.

"दादा, त्या फोल्डरात काय काय दिसतंय?"

"एकच फाईल. शेवटी आयएनएफ लिहिलंय."

"आणि एसवायएसवाली?"

"ती दुसऱ्या डबीत."

"डबीत?"

"अरे, परवा सगळं नीट लावलं मी! एका डबीत दोन जातींचे भाग मी कधी ठेवतो का? स्क्रू स्क्रूंत, चाकं चाकांत."

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"अहो, पहिली फाईल म्हणजे नुसती चिठ्ठी. खरा ड्रायव्हर दुसरीत! दोघी शेजारी नसतील तर दुभाष्या बोलणार काय?"

चाळीस वर्षांचा नीटनेटकेपणा आजच बहिणीच्या मुळावर उठावा! दहा पन्नास. दोन्ही फाईली एका फोल्डरात आणल्या, आधीची नोंद पुसली, ड्रायव्हर पुन्हा चढवला. एक आज्ञा चुकली, ती परत टाइप केली.

अडॅप्टरवर निळा ठिपका लुकलुकला.

"दादा, पासवर्ड टाका. लवकर! तिला न्यायला आलेत."

व्हिडिओ कॉल लागला आणि पडद्यावर ताई आली. केस विस्कटलेले, डोळे मोठाले. दादाला बघताच तिनं दोन्ही मुठी छातीवर आपटल्या : भीती.

दादानं भिंतीवरचं एक घड्याळ काढलं. पाठ उघडली, आतला कचऱ्याचा कण चिमट्यानं टिपला, पाठ लावली, घड्याळ गालाशी धरून डोळे मिटले. म्हणजे, तू झोपशील, ते एवढंच काढतील, पुन्हा बंद करतील.

ताईनं टक लावून पाहिलं. मग त्याच्या बोटांकडे बोट दाखवून भुवया उडवल्या : मग तू का थरथरतोस?

आता काय लपवणार! दादानंही दोन्ही मुठी छातीवर आपटल्या.

ताई चक्क हसली. पडद्याकडे हात करून तिनं त्याला थोपटल्यासारखं केलं आणि स्वतःहून स्ट्रेचरवर आडवी झाली.

दुपारी दोनला ती डोळे उघडून पडद्यावर पुन्हा दिसली, तोवर दादा खुर्चीवरून उठला नव्हता. अडॅप्टर हलेल म्हणून.